धातूंचा ठावठिकाणा



पत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांनी मला वाटेत थांबवून विचारले की, बोनस आणि किमान वेतन सोडून हा युनियनवाला धातूंच्या मागे कधी लागला? त्यांना मी एवढेच सांगितले की, कामगाराच्या पोटात कळा येऊ लागल्या म्हणजे भांडण पगाराचे राहत नाही, पुराव्याचे होते. अंगात शिसे आहे की नाही? असेल तर किती, कोठे, केव्हापासून? समोरची बाजू कागद पुढे करते आणि त्या कागदावरचा आकडा कोणत्या युक्तीने निघाला हे आपल्याला ठाऊक नसते. मग आपण नुसते ओरडतो. ते ओरडणे पुरेसे नाही असे दिसल्यावर मी जमेल तशी पुस्तके मिळवून हा विषय समजून घेतला. मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. समोर प्राध्यापक मंडळी बसली आहेत; कोठे ढोबळ बोललो तर त्यांनी शेवटी उभे राहून दुरुस्त करावे.

शास्त्रज्ञ अलीकडे असे काही रेणू बनवितात की, पाण्यात किंवा जिवंत पेशीत विशिष्ट धातूचा आयन भेटला म्हणजे ते प्रकाश देऊ लागतात. त्यांना मी आज शोधक रेणू म्हणणार आहे. या प्रकाशाला आपल्या शास्त्रीय मराठीत अनुस्फुरण असे नाव आहे. नाव अवघड आहे, पण वस्तू घरातली आहे. टिनोपाल घातलेल्या पाण्यातून काढलेला सदरा उन्हात निळसर पांढरा लखलखतो, ते अनुस्फुरण. उन्हातले जे जंबुपार किरण डोळ्यांना दिसत नाहीत, ते टिनोपालचे रेणू गिळतात आणि त्यांच्या बदल्यात दिसणारा निळा प्रकाश सोडतात. बँकेतला रोखपाल दिव्याखाली नोट धरतो तेव्हा तिच्यातले तंतू चमकतात, तेही हेच. आणि शेतकऱ्यांपैकी ज्यांच्याकडे जंबुपार किरणांची विजेरी असेल त्यांनी रात्री गोठ्याच्या दगडी भिंतीवर ती फिरवून पाहावी. विंचू असेल तर हिरवानिळा उजळून निघेल. फक्त पायांत जोडे असू द्यावेत.

या चमत्काराला नाव दिले इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी, १८५२ साली. त्यांनी हिवतापावरच्या क्विनीनचे द्रावण घेतले, लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्याला अंधारच दिसतो, तेथे ती नळी धरली. नळी निळी उजळली. फ्लोरस्पार नावाच्या खनिजातही असा गुण दिसे, म्हणून इंग्रजी नावात त्या खनिजाचे नाव शिरले. आपल्या मराठवाड्यात कित्येक बोअरच्या पाण्यात जे फ्लोराइड सापडते आणि ज्याने दात पिवळे पडतात, त्याच्याशी या नावाचे नाते एवढेच की दोघांचे मूळ एकाच खनिजात आहे. फ्लोराइड हा धातू नव्हे आणि आजचा तो विषयही नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पत्रिका वाचून दोघे जण मला बोअरच्या पाण्याविषयी विचारून गेले.

आता आयन म्हणजे काय? जस्ताचा पत्रा आणि भाकरीतले जस्त यांत फरक आहे. पत्र्यात अणू एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्यात, मातीच्या ओलाव्यात किंवा रक्तात जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून एकटा हिंडतो. हा विजेचा भार घेतलेला अणू म्हणजे आयन. पीक शोषून घेते ते यालाच, आणि शरीराला उपयोगी पडतो किंवा बाधतो तोही हाच.

परभणीच्या शेतकऱ्याला यापुढची गोष्ट मी शिकवावी असे नाही. ती तो माती परीक्षणाच्या पत्रिकेवरून शिकलेला आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत किलोमागे काही दहा मिलिग्रॅम तरी जस्त असते. तरीही पान पिवळे पडते आणि कृषी विद्यापीठातली मंडळी झिंक सल्फेट टाकायला सांगतात. का? कारण चुनखडीच्या विम्ल मातीत ते जस्त जखडलेले असते. मुळाला मिळत नाही. म्हणून पत्रिकेवर एकूण जस्त लिहीत नाहीत, उपलब्ध जस्त लिहितात. अमेरिकेत लिंडसे आणि नॉरवेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने, डीटीपीए नावाच्या द्रव्याने माती ढवळून, जेवढे सैल जस्त सुटून येईल तेवढे मोजतात. किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेले की जमीन जस्तात कमी समजतात. जमिनीत पन्नास आणि पिकाच्या वाट्याला अर्धाही नाही! एकूण किती आणि मोकळे किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे ध्यानात धरले तर आजच्या विषयाचा अर्धा भाग उरकला असे मी समजेन.

जुनी यंत्रे पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार चांगले देतात. ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये जी पद्धत मांडली तीत नमुना ज्वाळेत फवारतात आणि ज्वाळेतले शिशाचे किंवा जस्ताचे अणू आपापल्या ठराविक रंगाचा प्रकाश किती गिळतात ते मोजतात. आजही पाण्याचा किंवा रक्ताचा अधिकृत आकडा पाहिजे असेल तर ही पद्धत किंवा तिच्याहून नाजूक अशी तिची भावंडेच वापरली जातात. पण त्यासाठी दाणा, मूळ किंवा यकृताचा तुकडा आम्लात विरघळवून टाकावा लागतो. घर जाळून त्यात किती लोखंड होते ते कळेल. ते लोखंड दाराच्या कडीत होते की चुलीजवळच्या विळीत, हे कळणार नाही.

शोधक रेणूचे काम येथे सुरू होते. त्याची कल्पना नवी नाही. १८६७ मध्ये गोपेल्सरोडर या स्विस रसायनज्ञाला आढळले की, पिवळा रंग देणाऱ्या एका लाकडातून मिळणारे मोरिन नावाचे द्रव्य ॲल्युमिनियमशी जुळले म्हणजे हिरवे चमकते, आणि त्यावरून त्याने ॲल्युमिनियम ओळखण्याची रीत बसविली. परंतु एखाद्या धातूसाठी हवा तसा रेणू ठरवून घडविणे ही पुढच्या शतकातली गोष्ट. त्यासाठी धातूला पकडणारा हात पाहिजे होता. तो १९६७ मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी दाखविला. हे ड्यूपॉन्ट कंपनीत काम करणारे रसायनज्ञ; दुसरेच काही करावयास गेले होते. त्यातून शंभरात अर्धा हिस्साही नसेल इतके थोडे पांढरे स्फटिक निघाले. कोणीही ते फेकून दिले असते. पेडरसन यांनी ते तपासले. त्यांचे रेणू कड्याच्या आकाराचे होते आणि कड्याच्या भोकात पोटॅशियमचा आयन बरोबर बसत होता. भोक लहानमोठे केले की दुसरा आयन बसे. या कामासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, हे येथे विषयाला सोडून सांगतो. पण माझ्यासारख्याला ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

हात झाला, आता त्याला दिवा जोडायचा. श्रीलंकेत जन्मलेले आणि आयर्लंडमधील बेलफास्टच्या विद्यापीठात काम करणारे प्रसन्न डिसिल्व्हा यांनी या जोडणीचे नियम फार सुबकपणे घालून दिले. रेणूच्या एका टोकाला दिवा, म्हणजे अनुस्फुरण देणारा भाग. दुसऱ्या टोकाला हात. मध्ये छोटीशी दांडी. हात रिकामा असला की त्याच्याजवळचा एक मोकळा इलेक्ट्रॉन दिव्याकडे धाव घेतो आणि दिव्याने गिळलेली ऊर्जा प्रकाश न होता वाया जाते. रिकामा हात दिवा विझवीत बसतो म्हणा ना! धातूचा आयन हातात आला म्हणजे तो इलेक्ट्रॉन त्या आयनाला धरून ठेवण्यात गुंततो आणि दिवा पेटतो. या तत्त्वावर सोडियम मोजणारी पट्टी तयार झाली आणि रक्तातले क्षार झटपट सांगणाऱ्या इस्पितळांतील यंत्रांत ती बसली. तेव्हा ही नुसती कागदावरची विद्या आहे असे कोणी समजू नये.

दिवा पेटणे आणि दिवा विझणे यांत पुरावा म्हणून मोठे अंतर आहे. तांबे आणि लोखंड यांचे आयन बहुधा दिवा विझवितात, आणि विझण्यावरून त्यांना ओळखणारे पुष्कळ रेणू लोकांनी बनविले आहेत. मला त्यांचे फारसे कौतुक वाटत नाही. आपल्याकडे घरातला दिवा गेला की बल्ब उडाला, फ्यूज गेला की डीपी जळाली हे सांगता येत नाही. तसेच तेथे. मी येथे टॉनिक वॉटरची एक बाटली आणि एक विजेरी आणली आहे. सभागृहाचे दिवे क्षणभर मालवावेत. हे पाहा, दोन पेल्यांत तेच पाणी, दोन्ही निळे. हेच स्टोक्स यांचे क्विनीन. आता एका पेल्यात दोन चमचे मीठ टाकून ढवळतो. तो मंदावला, मागच्या बाकांवरूनही दिसत असेल. विष पडले का? नाही, घरातले मीठ पडले, आणि त्यातही दिवा मंद केला तो सोडियमने नव्हे, क्लोराइडने. ज्याला हे ठाऊक नाही त्याला हा पेला दाखवून कोणीही फसवू शकेल. दिवे लावावेत.

जिवंत पेशीत या रेणूंचा शिरकाव करविला रॉजर चेन यांनी. स्नायू आखडतो, हृदयाचा ठोका पडतो, तेव्हा पेशीच्या आत कॅल्शियमचे आयन क्षणभर वाढतात हे माहीत होते, पण पाहावे कसे? पेशीबाहेर जेवढे मोकळे कॅल्शियम असते त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग आत असतो, आणि शोधक रेणूवर विजेचा भार असल्यामुळे पेशीचे पापुद्र्यासारखे कवच त्याला आत घेत नाही. सुईने टोचून घालावे तर पेशी मरते. चेन यांनी १९८१ मध्ये जी युक्ती प्रसिद्ध केली ती अशी. रेणूच्या भारावर त्यांनी टोप्या घातल्या. टोपी घातलेला रेणू कवचातून सहज आत गेला. आत पेशीचे स्वतःचे पाचक द्रव्य असते. त्याने त्या टोप्या कापून टाकल्या. भार उघडा पडला आणि रेणू आत अडकला, आता त्याला बाहेर येता येईना. नाक्यावरून वेष बदलून आत जावे आणि आत गेल्यावर ओळख पटावी, असा हा प्रकार.

तरी एक अडचण राहिलीच. हा पहिला रेणू मंद होता, म्हणून पेशीत पुष्कळ घालावा लागे, आणि पुष्कळ घातला की तोच कॅल्शियम गिळून बसे. मापाड्यानेच मापातले धान्य खाल्ल्यासारखे झाले. १९८५ मध्ये चेन आणि त्यांचे सहकारी यांनी फुरा-२ नावाचा रेणू काढला. तो तिसेक पट अधिक उजळ निघाला, त्यामुळे थोडा पुरला. शिवाय कॅल्शियम बसले की तो कोणता प्रकाश गिळतो हेच बदलते. म्हणून दोन वेगळ्या किरणांनी दोनदा मोजून एकाला दुसऱ्याने भागतात. रेणू कमी गेला की जास्त, पेशी जाड की पातळ, हा सगळा फरक दोन्हीकडे सारखाच पडून भागाकारात निघून जातो. येथे मोंढ्यातले हमाल-मापाडी बांधव बसले आहेत. एका पारड्याचा काटा आणि दोन पारड्यांचा तराजू यांतला फरक त्यांना मी सांगावयास नको. चेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले, ते चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनावरील कामासाठी. परंतु पेशीतले धातू पाहण्याची वाट त्यांनी आधीच घालून दिली होती.

आता आपल्या घरी येऊ. २०१८ मध्ये हैदराबादजवळच्या पटणचेरूची इक्रिसॅट संस्था आणि आपले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्या कामातून ज्वारीचे ‘परभणी शक्ती’ हे वाण बाहेर आले. साधारण ज्वारीत किलोमागे लोह ३० मिलिग्रॅम आणि जस्त २० मिलिग्रॅमच्या आसपास. या वाणात लोह ४५ आणि जस्त ३२. जिल्ह्याच्या नावाचे वाण आणि गरिबाच्या भाकरीत दीडपट जस्त, याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. पण आपण आताच काय शिकलो? ४५ आणि ३२ हे एकूण आकडे आहेत. दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते जस्ताला आणि लोहाला धरून ठेवते, जशी जमिनीत चुनखडी. भाकरीतले जस्त आतड्याच्या पेशीपर्यंत किती पोचते, आणि त्याआधी मुळातून दाण्यापर्यंत ते कोणत्या वाटेने चढते, हे पाहावयाचे तर मोकळा आयन दिसला पाहिजे.

ही वाट दुसरीकडे पाहिली गेली आहे. अमेरिकेत लिपर्ड आणि चेन यांच्या प्रयोगशाळांनी झिनपायर-१ नावाचा रेणू केला, तो जस्त भेटले की हिरवा उजळतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २००७ मध्ये तो मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपाच्या मुळांवर वापरला. त्यांनी अशी रोपे घेतली की ज्यांच्यात जस्ताला वर पाठविणारे दोन प्रथिन-पंप बिघडलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की, मुळाच्या मधल्या गाभ्याभोवतीच्या पेशींतच जस्त तुंबून उजळले आहे. रसवाहिन्यांत चढलेच नाही. मूळ जाळून मोजले असते तर जस्त भरपूर आहे एवढेच कळले असते आणि पान मात्र उपाशी! कोठे अडले हे प्रकाशाने बोट ठेवून दाखविले. ज्वारीच्या संशोधकांना याचा उपयोग व्हावा असे मला फार वाटते.

महाराष्ट्रात या विषयावर काम होत नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. सी. पी. राव यांनी पेल्याच्या आकाराच्या कॅलिक्सअरीन रेणूंच्या काठाला निरनिराळे हात जोडून जस्त, पारा अशा धातूंना ओळखणारे कितीतरी रेणू वर्षानुवर्षे घडविले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या प्रकाशाच्याच अभ्यासाला वाहिलेली प्रयोगशाळा आहे. परंतु युनियनचा माणूस म्हणून माझे लक्ष वेधून घेतले ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कामाने. तेथे अंकोना दत्ता आणि त्यांचे विद्यार्थी यांनी २०१५ मध्ये जिवंत पेशीतले मँगनीज दाखविणारा, म्हणजे मँगनीज भेटल्यावर पेटणारा, रेणू प्रसिद्ध केला.

मँगनीज पकडणे कठीण. रसायनज्ञांनी धातूंची एक ओळ लावली आहे, कोण किती घट्ट बसतो याची. तीत तांबे सर्वांत वर आणि मँगनीज तळाशी. जो हात मँगनीजला धरील तो जस्ताला आणि तांब्याला अधिकच घट्ट धरील, अशी भीती. त्यात पेशीत कॅल्शियमची गर्दी, आणि मँगनीज दिवाही विझवू पाहते. या मंडळींनी मोठ्या कड्याच्या रेणूची घडण थोडी थोडी बदलत, कॅल्शियमला दाद न देणारा आणि मँगनीजला उजळणारा हात साधला.

मँगनीजच का, असे विचाराल तर सांगतो. आपल्याच राज्यात नागपूर जिल्ह्यात कांद्री, मनसर आणि भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे खनिज कोरड्या बॅटरीच्या धंद्यात जाते. आताच मी जी विजेरी लावली तशा विजेरीच्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते ती मँगनीजचीच. ही भुकटी श्वासातून जात राहिली तर काय होते ते १८३७ साली कूपर या डॉक्टराने लिहून ठेविले. ग्लासगोमध्ये विरंजक भुकटीच्या कारखान्यात काळे मँगनीज दळणारे मजूर होते. त्यांच्या पायांतले बळ गेले, चाल अडखळू लागली, आवाज पडला, तोंडातून लाळ गळू लागली. मेंदूच्या आत खोल, जेथून हालचालींचा तोल सांभाळला जातो, त्या भागात मँगनीज साठते हे नंतर कळले. कंपवातावरच्या औषधाने या रोग्याला फारसा गुण येत नाही. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने शिसे, पारा आणि मँगनीज यांची विषबाधा सरकारला कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत घातली, आणि तो कायदा ज्यात सामावला त्या २०२० च्या संहितेतही अशी यादी आहे. म्हणजे कायद्याला रोग ठाऊक आहे. अडते ते रोग सिद्ध करण्यापाशी.

ते कसे अडते याचे एक उदाहरण देतो. गावाचे आणि धंदेवाल्याचे नाव घेत नाही. आमच्या भागात एका ठिकाणी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवीत. तेथल्या एका कामगाराला पोटात मुरडा येई, शौचास साफ होत नसे, मनगट ढिले पडले. घरी बसला. अडीच महिन्यांनी तपासणीसाठी रक्त घेतले. कागद आला त्यावर एवढेच होते: शिसे, सर्वसाधारण. हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. आकडा नाही, परिमाण नाही, कोणत्या पद्धतीने मोजले ते नाही. नुकसानभरपाईची गोष्ट तेथेच संपली.

रक्तातले शिसे काम सुटल्यावर सुमारे महिन्याभरात निम्म्यावर येते. मग ते जाते कोठे? बरेचसे हाडांत जाऊन बसते, आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहते. अडीच महिन्यांनी रक्त तपासणे म्हणजे चोर गेल्यावर पंचनामा करणे. पाऱ्याचेही तसेच, लघवीतला पारा दोन महिन्यांत निम्मा होतो. तमिळनाडूत कोडाईकनालला हिंदुस्थान लिव्हरचा तापमापकांचा कारखाना होता, तो २००१ मध्ये बंद झाला. ५९१ माजी कामगारांशी कंपनीचा करार झाला तो २०१६ मध्ये, आणि तोही कंपनीच्या शब्दांत मानवतेच्या भूमिकेतून. पंधरा वर्षांनी कोणाच्या लघवीत काय सापडणार होते?

शिशाच्या बाबतीत मात्र शरीर स्वतःच एक शोधक रेणू तयार करते, आणि ही माहिती मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटली. रक्ताच्या लाल पेशीत प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या चौकटीत लोह बसते व त्यातून हीम बनते. शिसे लोह बसविणाऱ्या एन्झाइमालाच निकामी करते. मग लोहाच्या जागी जस्त जाऊन बसते. लोह बसलेली चौकट चमकत नाही. जस्त बसलेली चौकट जांभळ्या-निळ्या प्रकाशात लाल चमकते! अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास हे उलगडले आणि त्यावर तेथल्या लोकांनी एक छोटे यंत्र बनविले. रक्ताचा एक थेंब काचेवर ठेवला की ते आकडा सांगे. लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून हा लाल प्रकाश मागच्या तीनचार महिन्यांचा हिशेब सांगतो. रक्तातले शिसे उतरले तरी हा लगेच उतरत नाही. १९७८ च्या अमेरिकन नियमांनी शिशात काम करणाऱ्यांसाठी रक्तातल्या शिशाबरोबर ही तपासणीही लागू केली.

तथापि याचीही उलट तपासणी झाली पाहिजे. शरीरात लोहच कमी असेल तरी ती जागा रिकामी राहते आणि तेथे जस्त बसते. म्हणजे नुसत्या पंडुरोगातही हा लाल दिवा पेटतो. अमेरिकेतल्या धडधाकट कामगारात जो पुरावा चालेल तो आपल्या ऊसतोडीच्या, अर्धपोटी माणसात तसाच चालणार नाही. मालकाचा वकील म्हणेल की हा शिशाचा नव्हे, भाकरीच्या कोरड्याचा परिणाम, आणि केवळ त्या चाचणीपुरते त्याचे म्हणणे खोटेही नसेल. शिवाय रक्तात डेसिलिटरला २५ मायक्रोग्रॅमच्या खाली शिसे असेल तर हा दिवा बोलतच नाही, आणि मुलांना त्याहून कितीतरी कमी शिसे बाधते. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र हव्यात, आणि लोहाची तिसरी. त्या कामगाराचे हिमोग्लोबिन कमी होते, ते शिशानेच कमी झाले की काय, हे या तिन्ही आकड्यांवरून पुष्कळसे सांगता आले असते.

पाण्याविषयी थोडेच बोलतो. पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यांहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. इतके थोडे दाखविणारे रेणू आहेत. परंतु संशोधकांचे निबंध नीट वाचले तर आढळते की, कित्येकदा प्रयोग निम्मे पाणी आणि निम्मे अल्कोहोल अशा मिश्रणात केलेला असतो, कारण रेणू निव्वळ पाण्यात विरघळतच नाही. दुधनेचे किंवा गंगाखेडला गोदावरीचे पावसाळी पाणी म्हणजे काही प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी नव्हे. त्यात चुना असतो, गाळ असतो, दिवा विझविणारे लोह असते, आणि कुजलेल्या पाल्याचा अर्क तर स्वतःच निळा चमकतो. तेव्हा उद्या कोणी कागदी पट्टी घेऊन तुमच्या ग्रामपंचायतीत आला तर त्याला विचारा: तुमचा रेणू आमच्याच नदीच्या पाण्यात, माहीत असलेले शिसे मुद्दाम मिसळून, तपासला आहे काय? ज्वाळेच्या यंत्राशी ताळा जमतो काय? तो हो म्हणाला आणि ताळ्याचे आकडे दाखविले, तर पट्टी जरूर घ्यावी. शंभर विहिरींतून संशयाच्या दहा निवडून त्यांचेच नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावयाचे झाले तर ती फार स्वस्त पडेल.

आता मँगनीजकडे पुन्हा. कुलाब्याचा रेणू बशीतल्या पेशीत मँगनीज दाखवितो. मँगनीज पेशीत शिरते कसे, साठते कोठे, कोणत्या औषधाने बाहेर पडते, हे त्याच्या साहाय्याने शिकता येईल, आणि त्याशिवाय औषध निघणार नाही. पण खाणीतल्या माणसाच्या डोक्यात तो आज उपयोगाचा नाही, कारण हा प्रकाश कवटीतून आरपार जात नाही. तेथे दुसरे यंत्र कामी येते, ते म्हणजे एमआरआय. मँगनीजला जी चुंबकी खोड आहे तिच्यामुळे मेंदूतला तो खोल भाग छायाचित्रात पांढरा उजळलेला दिसतो. हे यंत्र आता जिल्ह्याच्या गावीही पोचले आहे. फक्त मँगनीजची धूळ बंद झाल्यावर तो पांढरेपणा सहा महिन्यांपासून वर्षभरात पुसट होत जातो, पायांतली अडखळ तशीच राहिली तरीही. तेव्हा ते छायाचित्र, आणि त्याबरोबर रक्ताचा आकडा, माणूस कामावर असतानाच घेतला पाहिजे, आणि त्याची एक प्रत त्याच्या घरच्या पेटीत असली पाहिजे.